मोबाईल सांजच्याला घरी येतो, पक्षी सकाळी बोलतात

लहान मुलांसाठी निसर्गाचं ॲप करतेय म्हटलं की बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात, की झाडाचा फोटो काढला तर नाव सांगतं का? नाही सांगत. ठरवून नाही सांगत. आणि त्यामागचं कारण चोपडा-यावल पट्ट्यातल्या गावांमध्ये हिंडल्यामुळेच कळलं, जळगावात टेबलावर बसून कळलं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारण असं की गावातल्या चार-पाच वर्षांच्या पोराकडे दिवसा फोन नसतोच. घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांचा. ते सकाळी सकाळी तो खिशात टाकून केळीच्या बागेत ठिबक सुरू करायला जातात, नाहीतर एमआयडीसीत ड्युटीला, आणि फोन घरी येतो तो थेट सांजच्याला. मग त्यावर व्यापाऱ्याशी बोलणं होतं, केळीचा भाव पाहणं होतं, मोठ्या बहिणीचा अभ्यास होतो आणि जेवणं आटोपल्यावर कधीतरी थोडा वेळ तो या लेकराच्या हातात पडतो. तोवर बाहेर गुडुप अंधार. पक्षी झाडावर बसून झोपलेले, फुलपाखरं कुठे गेली पत्ता नाही, झाडं नुसती काळी काळी. आता अशा वेळी कॅमेरा उघडून "चल, बाहेर जाऊन एक पान शोध" म्हणणाऱ्या ॲपने काय करावं?

चांगली ॲप्स आहेत, नाही असं नाही. आयनॅचरलिस्टवाल्यांचं सीक आहे, मुलांसाठीच केलेलं, त्यात खातं उघडावं लागत नाही, ही मोठीच गोष्ट. कॉर्नेल लॅबचं मर्लिन मी स्वतः हतनूरच्या जलाशयावर वापरते, आवाज ऐकून ते पक्ष्याचं नाव दाखवतं तेव्हा अजूनही भारी वाटतं. पण ही सगळी ॲप्स धरून चालतात की उजेड आहे, फोन हातात आहे आणि समोरच्याला वाचता येतं. आमच्या पोराकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे काय आहे? दिवसभर मोकळं अंगण आहे, बांध आहे, कडुनिंब आहे, विहिरीवरची बाभूळ आहे, आणि रात्री थोडा वेळ फोन आहे.

मग मी आणि माझी मैत्रीण (ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मुलं तिला बाई म्हणतात आणि या कामात निम्म्याहून जास्त डोकं तिचं आहे) आम्ही ॲपचे दोन तुकडे केले. रात्रीचा तुकडा फोनमध्ये आणि सकाळचा तुकडा फोनच्या बाहेर. रात्री ॲप एक आवाज ऐकवतं, त्याच्याबद्दल दोन-तीन वाक्यांची गोष्ट सांगतं आणि उद्यासाठी एकच काम देतं. उद्या सकाळी तोंड धुताना कान उघडे ठेव, टिटवी ओरडली का सांग. बस. दुसऱ्या रात्री ॲप पहिलं काय करतं तर विचारतं, ऐकलीस का? आणि मूल जे सांगेल ते त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवतं, फोनमध्येच, कुठेही पाठवत नाही. बरोबर-चूक असं काही नाही. चांदण्या नाही, नाणी नाही, रोज आलं नाही म्हणून रडणारं कार्टून तर अजिबातच नाही. ते मला फार लागतं, की एवढ्याशा लेकराला अपराधी वाटायला लावून परत स्क्रीनवर ओढायचं. ते मी करणार नाही म्हणजे नाही.

आवाजावर सगळं का उभं केलं हेही सांगते. एक तर या वयाला वाचता येत नाही, त्यामुळे ॲपमध्ये अक्षर हवंच कशाला. दुसरं म्हणजे मुलांनी पक्षी पाहण्याच्या आधी ऐकलेला असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कडुनिंबाला झोके बांधतात, त्याच दिवसांत कोकीळ दिवसभर कुहू कुहू करून डोकं उठवतो, पण एका वर्गात विचारलं की कोणी पाहिलाय का, तर एकही हात वर नाही. झोक्यावर बसलेलं पोरगं ज्याचा आवाज ऐकतंय तो पक्षी त्याच्या डोक्यावर त्याच झाडात बसलेला असू शकतो. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. आणि गाणारा नर असतो बरं का, मादी तपकिरी, अंगभर ठिपके, ती वेगळीच ओरडते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते. ही एवढी गोष्ट आम्ही रात्री सांगितली, तर दुसऱ्या दिवशी निंबाखाली माना वर करून उभी असलेली पोरं बाईंनी पाहिली. एक जण म्हणे, "बाई, मले त्याचा डोया दिसला, लाल व्हता!"

आवाज गोळा करणं हे मात्र सोपं काम नाही. झेनो-कॅन्टो नावाची साइट आहे, जगभरातले लोक तिथे पक्ष्यांचे आवाज टाकतात, २००५ पासून चालू आहे, खजिना आहे. पण प्रत्येक रेकॉर्डिंगचं लायसन्स वेगळं. काही फक्त बिगरव्यावसायिक वापराला चालतात, ते आम्हाला ठीकच आहे, पण काहींमध्ये बदल करायची परवानगी नसते, म्हणजे दोन मिनिटांचा आवाज कापून दहा सेकंदांचाही करता येत नाही. म्हणून बरेच आवाज आम्हीच पहाटे उठून घेतले, पाटणादेवीला, अनेरच्या काठाला, हतनूरला. पंपाचा आवाज, ट्रॅक्टर, लांबून देवळातला भोंगा, हे सगळं त्यात आलंय आणि काही ठिकाणी मी ते तसंच ठेवलंय कारण मूल उद्या ऐकणार आहे तेही ट्रॅक्टरसकटच.

पण खरी अडचण निघाली भारद्वाजाची. त्याचा तो खोल घुमणारा ऊप-ऊप-ऊप स्वस्त फोनच्या बारक्या स्पीकरमधून येतच नाही नीट. उंच पट्टीतले आवाज, रातकिडे, टिटवी, सातभाई, हे छान येतात, पण खालच्या पट्टीचा आवाज म्हटला की नुसतं फुसफुस. माझ्या लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकलं तर काय सुंदर, आणि त्या तीन जीबी रॅमवाल्या फोनवर काहीच नाही. तेव्हा शाळेत पोषण आहाराचं सामान घेऊन आलेले एक आबा ऐकत उभे होते, ते म्हणाले असा नाही बोलत तो, असा बोलतो, आणि त्यांनी गालात हवा भरून, दोन्ही हात तोंडासमोर धरून असा काही भारद्वाज काढला की वर्गातली झाडून सगळी पोरं चिडीचूप. मग पुढच्याच क्षणाला सगळा वर्ग भारद्वाज झाला.

तिथून ॲप बदललं. आता प्रत्येक पक्ष्याचा आवाज आधी माणूस काढून दाखवतो, मग खरा पक्षी येतो, आणि मग ॲप म्हणतं, आता तू. माणसाचा आवाज छोट्या स्पीकरमधूनही कळतो कारण ओळखायला लागते ती लय, तो बोलतो कसा, थांबतो कुठे. तांबटाचा एकसारखा टुक टुक टुक, पावशाचा चढत चढत जाऊन एकदम तुटणारा सूर, पाऊस जवळ आला की पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतो असं आपले जुने लोक सांगतात तो. हे आवाज काढणारे लोक गावोगाव आहेत, गुराखी आहेत, म्हाताऱ्या आज्या आहेत, आणि त्यांना कोणी कधी विचारलेलंच नाही. दुसरा फायदा असा की खरा आवाज बाहेर मोठ्याने लावत बसायची गरज उरत नाही. विणीच्या काळात पक्ष्याजवळ त्याच्याच जातीचा आवाज वाजवला तर नराला वाटतं दुसरा कोणी आपल्या जागेत घुसला, तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. म्हणून ॲपमधला खरा आवाज ठरावीक सेकंदच वाजतो, आणि लागोपाठ पुन्हापुन्हा वाजत नाही.

पिंगळ्यावरून मात्र एका घरात चांगलंच वाजलं. नातू रात्री पिंगळ्याचा चिर्रक चिर्रक आवाज लावून बसला आणि आजी आतून ओरडत आली, "माय वं, बंद कर ते, रातच्याला घरात पिंगळा नको." आपल्याकडे पुष्कळ घरांत पिंगळ्याचा, टिटवीचा रात्रीचा आवाज अशुभ धरतात, आणि त्या आजीला मी समोर बसून अंधश्रद्धा वगैरे शिकवणार नव्हते, तो माझा मानही नाही. मी त्यांना नुसतं विचारलं की आजी, तुमच्या गावात पिंगळा राहतो कुठे? तर त्यांना सगळं माहीत. विहिरीजवळच्या निंबाच्या ढोलीत जोडी आहे, तिन्हीसांजेला दोघं फांदीवर शेजारी शेजारी येऊन बसतात, माणूस दिसला की मान खालीवर करतात, अळ्या-किडे-उंदीर खातात, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून ती ढोली आहे. इतकं मला कुठल्या पुस्तकातून मिळालं नसतं. ॲपमधली पिंगळ्याची गोष्ट आता त्यांच्याच आवाजात आहे, थेट अहिराणीत, आणि पिंगळ्याचा आवाज पहिल्या पंधरवड्यात येत नाही, घराला ॲपची जरा सवय झाली की मग येतो.

पिंगळ्याचा विषय निघाला की खान्देशातला माणूस रानपिंगळ्यावर येणारच. मीही आले. काय आहे ना, हा एवढासा घुबडाचा प्रकार १८८४ नंतर कोणाला नक्की सापडलेलाच नव्हता. मधे एका इंग्रज संग्राहकाने, माइनर्ट्झहागेनने, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं सांगितलं होतं, पण नंतर निघालं असं की तो नमुना चोरलेला होता, खान्देशात जेम्स डेव्हिडसनने कितीतरी आधी गोळा केलेला, आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली. पामेला रासमुसेन यांनी हे शोधून काढलं आणि १९९७च्या नोव्हेंबरात त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सातपुड्याच्या पायथ्याला आले आणि शहाद्याजवळ तो त्यांना दिसला. भर दिवसा, फांदीवर बसलेला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं, आणि तो दिवसाही चांगला हिंडतो. एक खोटी चिठ्ठी आणि पक्षी कुठे शोधायचा तेच चुकतं, ही गोष्ट माझ्या मनात इतकी बसलीय की आमच्या ॲपमधल्या प्रत्येक आवाजामागे जागा आणि महिना नोंदवलेला आहे, जरी ते मुलाला दिसत नसलं तरी.

रानपिंगळा ॲपमध्ये घ्यायचा का यावर आमचं पुष्कळ झालं. मैत्रिणीचं म्हणणं, घ्यायलाच पाहिजे, आपला आहे तो. माझं म्हणणं असं की चार वर्षांच्या मुलाला उद्या सकाळी जे अंगणात भेटणार नाही ते आज रात्री देऊ नये. शेवटी तो फक्त गोष्टीत आला, त्याचं काम दिलं जात नाही, आणि त्याचा आवाज ठेवलाच नाही, कारण उगाच कोणी जंगलात जाऊन वाजवायला नको. मला हा निर्णय पटलेला आहे. मोठं, दुर्मिळ, धोक्यातलं हे सगळं नंतर येऊ दे. आधी अंगणातली चिमणी, खार, सातभाई, पाल आणि मुंग्यांची ओळ.

आणि मृगाचा किडा! हा माझा सगळ्यात लाडका भाग आहे. मृग लागून चांगला पाऊस पडला, जमीन वाफेला आली की ओल्या मातीवर ते लाल मखमली ठिपके चालायला लागतात. रात्री ॲप फक्त एवढंच म्हणतं, उद्या तो दिसला तर हात मागे बांधून उकिडवं बस आणि त्याचे पाय मोज. उत्तर सांगत नाही. दुसऱ्या रात्री पडद्यावर किड्याचं मोठं चित्र येतं, पाय नसलेलं, आणि मूल बोटाने एकेक पाय लावतं. अर्धी पोरं सहा लावतात, कारण पुढचे दोन पाय तो उचलून चाचपडत चालतो आणि त्या मिशा वाटतात. ॲप चूक म्हणत नाही, म्हणतं, बरं, उद्या परत बघ, पुढून बघ. मग कोणीतरी आठ लावतं. आणि मग येते ती गोष्ट, की हा किडा किड्यांच्या घरातलाच नाही, हा कोळ्याच्या भावकीतला. एका मुलीने हे कळल्यावर आठवडाभर दिसेल त्याचे पाय मोजले, मुंगीचे, झुरळाचे, शेवटी बकरीचेही. काडेपेटीत भरून ठेवू नको, वाळून मरतो, हेही ॲप सांगतं, कारण आपण सगळ्यांनी लहानपणी ते केलेलं आहे.

"हात मागे" हा आमचा नियमच आहे, आणि तो नुसता शिस्तीसाठी नाही. बाहेरच्या निसर्ग ॲप्समध्ये सर्रास असतं की दगड उचल, खाली कोण राहतं बघ. आपल्याकडे दगडाखाली विंचू राहतो, फुरसं राहतं. पडलेल्या लाकडात हात घाल, बिळात काडी घाल, असलं एकही काम आम्ही देत नाही. विहिरीच्या काठावरचं काम नाही. सुगरणीची घरटी बाभळीवर विहिरीवरच लोंबतात, तर ती मोठ्या माणसाचा हात धरूनच पाहायची, असं ॲप घरच्यांना सांगतं. आणि कापूस. कापसावर फवारणी झाली की चार दिवस त्या वावरात पोराने पानाला हात लावायचा नाही, हे आम्ही दर पावसाळ्यात ठासून सांगतो, अळीची, ढालकिड्याची कितीही छान गोष्ट असली तरी. आखाजीच्या दिवसांत भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्या दिवसांत सगळी कामं ऊन चढायच्या आत संपणारी.

महिने मुलांना कळत नाहीत, सण कळतात. म्हणून ॲपचं कॅलेंडर म्हणजे एक गोल चित्र आहे, त्यात झोका म्हणजे आखाजी, कानबाईचा नारळ म्हणजे श्रावण, बैल म्हणजे पोळा, मग कापूस वेचणी, मग थंडी आणि हतनूरवर उतरलेले चक्रवाक आणि थापटे, आणि सातपुड्याकडच्या मुलांसाठी ढोल म्हणजे होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार. तेव्हा पळस फुललेला असतो आणि थोड्याच दिवसांत मोहाची फुलं पडायला लागतात. पहाटे पडतात ती. पावरा आदिवासींच्या घरांतली मुलं आईबरोबर अंधारातच फुलं वेचायला जातात, त्यांना हे ॲपने शिकवायची गरज नाही, उलट ॲपने त्यांना विचारावं, मोहाखाली अजून कोण येतं रे? या प्रश्नाला आलेली उत्तरं ऐकली तर वाटतं आपण कशाला शिकवायला निघालोय.

डिझाइनच्या बाबतीत जे सांगावंसं वाटतं ते असं की लहान मूल फोन दोन्ही हातांनी कडेला घट्ट धरतं, अंगठे स्क्रीनवर येतात, म्हणून कडेची पट्टी आम्ही मेलेली ठेवलीय, तिथे काही लागतच नाही. बोट दाबून धरणं, दोनदा टकटक करणं, यातलं काही नाही, एकच साधा टच, आणि चित्र तळहाताएवढं. नेट लागत नाही. जागा कमीत कमी, कारण फोन कायम भरलेले. जाहिरात नाही, लॉगिन नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहेच, पण ते नसतं तरी आम्ही केलं नसतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, तीही मोठ्यांच्या सोबतीने, असं सांगितलंय. आमचं ॲप थोड्याच मिनिटांत स्वतःहून संपतं. पिंगळा उडून जातो, पडदा काळा होतो, "अजून एक" असं बटणच नाही. यावर मला एका गुंतवणूकदाराने सरळ सांगितलं होतं की मग यात पैसा कसा येणार. येणार नाही कदाचित. पण मूल झोपायच्या वेळेला पडद्याला चिकटून बसावं असं ॲप मला माझ्या भाच्याच्या हातात द्यायचं नाही, तर दुसऱ्याच्या पोराच्या हातात कसं देऊ?

सध्या राहिलेलं काम म्हणजे पावरी. अहिराणी आणि लेवा बोलीतले आवाज बऱ्यापैकी झाले, कावळ्याला कावया म्हणणाऱ्या आजीच्याच तोंडून ते ऐकलं की मुलं लगेच जवळ येतात. पण धडगाव, शिरपूर, चोपड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर घरी पावरी बोलली जाते आणि तिथली मुलं शाळेत पहिल्यांदा मराठी ऐकतात, त्यांना आमच्या गोष्टी परक्या भाषेत ऐकाव्या लागतात. तिथे जाऊन बसणारं, पाड्यावरच्या लोकांच्या ओळखीचं, रेकॉर्डिंगला धीर असलेलं कोणी हवंय. यंदा होळीच्या आधी, मोह पडायला लागायच्या आत, निदान दहा-बारा गोष्टी पावरीत व्हाव्यात असं ठरवलंय. मशीन माझ्याकडे आहे, गाडीची सोय करते, आणि जो आवाज देईल त्याला त्याचे पैसे मिळतील. आणि तुमच्या घरात कोणी आजोबा, मामा, मावशी हुबेहूब टिटवी किंवा होला काढत असतील तर मला नक्की कळवा, होला अजून कोणालाच नीट जमलेला नाहीये.